द प्रिन्सेस ब्राइड: गोड पोह्यांवर जिरावण

परवा भाच्याला ताप आला म्हणून ताई त्याला आमच्याकडे सोडून ऑफिसला गेली, वर मोबाइल द्यायचा नाही अशी तंबी, मग मी विल्यम गोल्डमनचं हे पुस्तक काढलं. इंग्लिश वाचायचं, लगेच मराठीत सांगायचं आणि कंटाळा आला की सरळ पानं उडवायची. आता गंमत बघा, पुस्तकातही नेमकं हेच चाललंय!

पुस्तक १९७३ चं. गोल्डमन म्हणतो, हे मुळात माझं नाहीच, फ्लोरिन देशाच्या कुणा मॉर्गनस्टर्नचं आहे, मी दहा वर्षांचा असताना न्यूमोनिया झाला तेव्हा बाबांनी वाचून दाखवलं आणि मोठेपणी कळलं की बाबांनी रटाळ भाग गाळले होते, म्हणून मीही तुम्हाला फक्त चांगलं-चांगलंच देतोय. मग गोष्ट रंगात आली की मध्येच घुसून सांगतो, इथे राणीच्या सामानाच्या बांधाबांधीची पानंच्या पानं होती, कापली. आणि हे सगळं झूठ! मॉर्गनस्टर्न नाही, फ्लोरिन नाही, पुस्तकात त्याला एक मुलगा आहे तोही खोटा, खऱ्या आयुष्यात दोन मुली होत्या. मी अर्धा तास नकाशात फ्लोरिन आणि शेजारचा गिल्डर शोधत होते, मग कळलं की ही दोन्ही जुन्या नाण्यांची नावं आहेत. असो.

गोष्ट तशी पठडीतली, सुंदर बटरकप, तिच्या शेतावरचा गडी वेस्टली, दुष्ट राजपुत्र, चाचे, सहा बोटांच्या माणसाला शोधत फिरणारा स्पॅनिश तलवारबाज. १८६१ च्या 'मुक्तामाला'पासून आपल्याकडेही अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आहेतच की, पण त्या सगळं गंभीर चेहऱ्याने सांगतात. इथे लेखक सारखे टोमणे मारतो. आपले इंदुरी पोहे कसे, साखर-बडीशेप घातलेले, नुसते खाल्ले तर दोन घासांत नको होतं, वर जिरावण, म्हणजे तो चटपटीत मसाला, पडलं की प्लेट साफ. तसंच. कड्यावरच्या तलवारबाजीत दोघंही डाव्या हाताने लढतात आणि पहिला म्हणतो, एक सांगायचं राहिलं, मी डावरा नाहीये, आणि थोड्या वेळाने दुसराही तेच म्हणतो, तिथे भाचा तापात उठून बसला.

तक्रारी आहेत. बटरकप अगदीच बावळट, तिच्या वाट्याला रडण्यापलीकडे फार काही नाही. सुरुवातीची प्रस्तावना लांबलचक, लहान मुलांना वाचून दाखवणार असाल तर बिनधास्त उडवा. आणि मी ऑनलाइन जुनी कॉपी घेतली त्यात शेवटची चार पानं चहाने चिकटलेली, विकणारा म्हणे 'व्हेरी गुड कंडिशन'. १९८७ चा सिनेमाही छान आहे, पटकथा गोल्डमनचीच, पण त्याचा शेवट सुखाचा, पुस्तकाचा शेवट मुद्दाम टांगून ठेवलेला, मला तोच जास्त आवडला.

खरी अडचण आली 'अ‍ॅज यू विश'ची. बटरकप काहीही काम सांगो, वेस्टली एवढंच म्हणतो, आणि त्याचा अर्थ असतो माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी म्हटलं 'जशी आपली आज्ञा', भाचा म्हणाला, "मावशी, ही काय रामायणाची सिरियल आहे का?" 'तुझी मर्जी' म्हटलं तर भांडण झाल्यासारखं वाटतं. शेवटी आम्ही 'बरं' वर आलो. नुसतं बरं. आपल्या घरांत आय लव्ह यू कोण म्हणतं, टोमणे मारतात आणि सांगितलेलं काम करतात.

तेवढ्यात आतून आजी ओरडली, "अहो, जिरावण संपलंय, कोपऱ्यावरून घेऊन या!" आजोबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "बरं." भाच्याने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

तासाभराने आजोबा शेव घेऊन आले.