टाऊन्स व्हॅन झँडचं 'लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर': रेकॉर्डिंग अमोल, पण एलपी घेऊ नका

टाऊन्स व्हॅन झँड या अमेरिकन गायक-गीतकाराच्या या रेकॉर्डिंगचा, गेल्या दिवाळीत घेतलेला दोन एलपींचा (मोठ्या तबकड्यांचा) संच. मागच्या पंधरवड्यात तिसरी बाजू चालू असताना उजवा स्पीकर अचानक बंद पडला, आणि त्यानंतर जे झालं त्यामुळे या संचाबद्दलचं माझं मतच बदललं.

आधी दुरुस्तीचं सांगतो. दुकानदाराने टर्नटेबलची (तबकड्या वाजवायच्या यंत्राची) सुई भिंगाखाली धरली, 'कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) गेलंय, नवीन टाका, साडेसहा हजार,' म्हणाला आणि तपासणीचे तीनशे घेतले. कार्ट्रिज ज्यावर बसवलेलं असतं ते हेडशेल उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. घरी आणून मीच कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरी तपासल्या. उजवा चॅनल, म्हणजे उजव्या स्पीकरचा आवाज, लाल आणि हिरव्या वायरीवर असतो. त्यातल्या लाल वायरीची क्लिप हिरवट पडून सैल झाली होती. चिमट्याने काढली, पिन खरवडली, क्लिप किंचित दाबून परत बसवली. आवाज सुरू. तीनशे रुपये परत मागायला गेलो, बरीच वादावादी झाली, मिळाले नाहीत. रक्कम मोठी नाही, पण न बघता नवीन वस्तू गळ्यात मारायची हे मला खपत नाही. सांगलीची पावसाळी हवा अशी दमट की कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी गणपतीच्या सुमारास एकदा या क्लिपा काढून पुसाव्यातच.

टर्नटेबल दुकानात पडून होता तेवढ्यात एका मित्राने याच रेकॉर्डिंगच्या दोन सीडी आणून दिल्या. जुन्या प्लेअरवर लावल्या, आणि आपण एवढे महिने काय ऐकत नव्हतो ते समोर आलं.

हे रेकॉर्डिंग जुलै 1973 चं, ह्यूस्टनच्या एका लहानशा बारमधलं. एक माणूस, एक गिटार, समोर दाटीवाटीने बसलेले लोक. 1977 मध्ये दोन एलपींत बाहेर आलं. टाऊन्सच्या स्टुडिओतल्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना याचं मोल लगेच कळेल. 1968 च्या पहिल्या तबकडीत त्याच्या गाण्यांवर इतकी वाद्यं चढवली होती की त्यातली काही गाणी त्याने 1969 मध्ये पुन्हा नव्याने रेकॉर्ड केली. 'फॉर द सेक ऑफ द साँग' एकापाठोपाठ तिन्ही रूपांत ऐका: 1968, 1969 आणि हे. तिसऱ्यात शब्द आणि गळा यांच्या मध्ये कुणीच उभं नाही. 'पँचो अँड लेफ्टी' बहुतेकांना विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड या कंट्री गायकांच्या 1983 च्या गाजलेल्या रूपातून माहीत आहे. इथे ते गाणं एवढं साधं आहे की गाण्यातल्या पँचो आणि लेफ्टी या दोघांची कीव येते. 1 जानेवारी 1997 ला, वयाच्या 52 व्या वर्षी टाऊन्स गेला. त्याचं उत्तम काम कोणतं असं विचारलं तर मी बिनदिक्कत हेच पुढे करेन.

आणि म्हणूनच एलपीवर राग आहे. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर खाच सरकते. लेबलाजवळ येईपर्यंत ती 20-21 वर येते. इतक्या कमी जागेत तेवढाच आवाज कोंबायचा म्हटल्यावर 'स' आणि 'श' फाटतात, गिटारची वरची तार खरखरते. ड्रम आणि बास असलेल्या संगीतात हे दडून जातं. इथे दडायला जागाच नाही! बाजूचं शेवटचं गाणं आलं की माझे कान गाण्याऐवजी त्या 'स'ची वाट बघू लागतात. सुई बदलली, सुईवरचं वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत लावलं, अलाइनमेंट (सुईचा कोन जुळवणं) कागद छापून केलं. फरक पडला, पण दोष गेला नाही.

त्यात आमचं घर मार्केट यार्डाजवळ. हळदीचे सौदे सुरू झाले की खिडकीच्या गजांवर पिवळी पूड बसते, मग खाचांत बसणारच. गाणं थांबून टाऊन्स बोलतो, विनोद सांगतो, लोक हसतात, त्या जागांवर नेमकी कटकट ऐकू येते. सुरुवातीला मी ती बोलणी ओलांडून पुढच्या गाण्यावर सुई ठेवायचो. सीडीवर ती स्वच्छ ऐकली तेव्हा जाणवलं की पुढच्या गाण्याची लय तो तिथेच धरायला लागतो.

मिरजेचे आमचे एक काका तंबोरे करतात. त्यांना इंग्रजी येत नाही. सीडीवरची दोन गाणी शांतपणे ऐकल्यावर त्यांनी फक्त अंगठ्याबद्दल विचारलं, की खालची तार हा सोडतच नाही का? नाही सोडत. तंबोऱ्याचा षड्ज मागे भरलेला असावा तसा तो अंगठा सगळ्या गाण्यांखाली चालू राहतो. एलपीवर ही खालची तार अधिक भरदार लागते, हे मात्र कबूल करायला हवं. रात्री कमी आवाजात पहिल्या बाजूची पहिली तीन गाणी ऐकायची असतील तर मी आजही एलपीच लावतो.

पण कस्टम आणि कुरिअर धरून संच साडेचार हजारांना पडला. मित्राने त्या सीडी जुन्या बाजारात सहाशेला घेतल्या होत्या. सबंध कार्यक्रम दीड तासाच्या आसपास आहे, त्यामुळे एकाच सीडीत सगळं आहे असं कुणी सांगितलं तर गाण्यांची यादी आधी मागा, कारण एका सीडीत फार तर 80 मिनिटं मावतात. उरलेल्या पैशांतून चांगले हेडफोन घ्या.

सांगली-मिरजेत कुणाचा निर्णय होत नसेल तर रविवारी सकाळी घरी या, दोन्ही लावून दाखवतो.