न्यूयॉर्कमध्ये कोशर डेलीत जेवायचे असेल तर: कॅट्झ की सेकंड ॲव्हेन्यू डेली?

न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी पाहुण्याला ‘पारंपरिक कोशर डेली दाखवतो’ असे सांगून बहुधा हाउस्टन स्ट्रीटवरील कॅट्झ या डेलीत, म्हणजे मांसाच्या सँडविचसाठी नावाजलेल्या खानावळीत, नेले जाते. कॅट्झ पारंपरिक आहे, ज्यू खाद्यसंस्कृतीत तिचे स्थान मोठे आहे, परंतु ती कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारी, नाही. जी खरोखर कोशर आहे ती सेकंड ॲव्हेन्यू डेली नावाप्रमाणे सेकंड ॲव्हेन्यूवर राहिलेली नाही. तिची मुख्य शाखा आज लेक्सिंग्टन आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या मधोमध, पूर्व तेहतिसाव्या रस्त्यावर आहे. हाताशी एकच संध्याकाळ असेल आणि या दोहोंपैकी एक निवडायची असेल, तर चवीच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी नक्की करावे: आपल्याला पास्त्रामी (मसाला लावून खारवलेले, धुरावलेले गोमांस) खायची आहे, की कोशर जेवण जेवायचे आहे?

कोशर नियमांचा गाभा मराठी वाचकाला अगदीच परका नाही. डुक्कर वर्ज्य, खवले आणि पर नसलेले जलचर, म्हणजे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, वर्ज्य. जनावर प्रशिक्षित शोखेटने, म्हणजे धर्मनियमांनुसार जनावर कापणाऱ्यानेच, कापलेले असावे. मांसातले रक्त मीठ लावून काढलेले असावे. आणि मांस व दुधाचे पदार्थ एका जेवणात, एका भांड्यात येऊ नयेत. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत सामिष पदार्थांना नारळाच्या दुधाचा दाटपणा असतो आणि सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच शिजतो, त्यामागे हाच शेवटचा नियम आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाला अलिबागकडे ‘शनिवार तेली’ म्हणत, हेही पुष्कळांना ठाऊक असेल. डेली मात्र त्यांची नव्हे. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातून न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला आलेल्या, यिडिश बोलणाऱ्या ज्यूंची. पास्त्रामी रोमानियाकडून आली आणि अमेरिकेत स्वस्त मिळणाऱ्या गोमांसावर स्थिरावली.

कॅट्झची सुरुवात १८८८ सालची. आधी आइसलँड नावाच्या भावांचे दुकान, १९०३ मध्ये विली कॅट्झ भागीदार झाला आणि १९१० मध्ये त्याने आपल्या चुलतभावासह ते विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या मुलांना सलामी पाठवा असे सांगणारी तिची घोषणा अजून भिंतीवर मिरवते. दारात प्रत्येकाच्या हाती एक तिकीट दिले जाते. जे जे घ्याल त्याची नोंद त्यावर होते आणि बाहेर पडताना ते दाखवून पैसे द्यायचे. काहीही घेतले नाही तरी तिकीट परत करावे लागते आणि हरवल्यास पन्नास डॉलर आकारले जातात, म्हणून लहान मुलांची तिकिटे मोठ्यांनी आपल्या खिशात ठेवलेली बरी.

या ठिकाणची खरी मजा काउंटरवर आहे. भिंतीकडच्या टेबलांवर वाढपी येतो, पण तिथे बसणे म्हणजे निम्मा अनुभव सोडून देणे. काउंटरवर प्रत्येक कापणाऱ्यासमोर वेगळी रांग असते. तो वाफेच्या पेटीतून मांसाचा काळा पडलेला, मिरी आणि धण्यांच्या भरडीने माखलेला तुकडा काट्याने उचलतो, फळीवर ठेवतो आणि यंत्राला हात न लावता लांब सुरीने त्याचे बोटभर रुंद, जाडसर काप काढू लागतो. पहिले एक-दोन काप तो बशीत घालून तुमच्यापुढे सरकवतो. ते खाऊन ‘थोडे चरबीचे द्या’ किंवा ‘कोरडे चालेल’ असे सांगायचे असते, आणि शेजारच्या पेल्यात एक-दोन डॉलर टाकायचे असतात. चरबीचे मागावे, हे माझे मत. कित्येक दिवस खारवलेले, मग धुरावर ठेवलेले आणि अखेर वाफवलेले हे मांस कोरडे मागितले तर त्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ उरत नाही. सोबत शहाजिरे घातलेला राय पाव, मोहरी आणि खारातल्या काकड्या. पावाला मेयोनीज लावून मागण्याचे धाडस करू नये.

मात्र याच काउंटरवर रूबेन नावाचे सँडविचही मिळते, ज्यात खारवलेल्या गोमांसावर स्विस चीज वितळवलेले असते. एवढ्या एका पदार्थावरून हे स्वयंपाकघर कोशर नाही हे कळावे. ‘कोशर-स्टाइल’ हा शब्दप्रयोग अशा ठिकाणांसाठी रूढ आहे आणि त्याचा अर्थ फक्त चव व पदार्थांची परंपरा एवढाच आहे, नियमपालन नव्हे. न्यूयॉर्क राज्यात या भेदाला कायद्याचाही इतिहास आहे. कोशर म्हणून फसवणूक करण्याविरुद्धचा कायदा १९१५ मध्ये आला. कोशर कशाला म्हणायचे हे ऑर्थोडॉक्स पंथाच्या निकषांवर सरकारनेच ठरवणे घटनेत बसत नाही, म्हणून २००२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. आणि २००४ च्या नव्या कायद्याने सरकारने निवाडा न करता, विक्रेत्याने आपल्याला प्रमाणपत्र कोणी दिले ते जाहीर करावे, एवढेच बंधन घातले. म्हणून ग्राहकाने पाटीवरच्या शब्दापेक्षा दाराशी लावलेले प्रमाणपत्र वाचावे.

सेकंड ॲव्हेन्यू डेलीत असे प्रमाणपत्र असते. नाझी संहारातून वाचलेल्या एब लेबवोल यांनी ती १९५४ मध्ये दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर काढली, यिडिश रंगभूमीच्या जुन्या वस्तीत. तिथल्या पदपथावर त्यांनी यिडिश नटनट्यांच्या नावांचे दगड बसवून घेतले होते. १९९६ मध्ये बँकेत पैसे भरायला निघाले असता त्यांची हत्या झाली आणि मारेकरी कधीच सापडला नाही. भाड्याच्या वादातून २००६ च्या आरंभी दुकान बंद पडले आणि पुतण्याने २००७ च्या डिसेंबरात तेहतिसाव्या रस्त्यावर पुन्हा उघडले. पुढे अप्पर ईस्ट साइडला, फर्स्ट ॲव्हेन्यूवर, दुसरी शाखा निघाली.

येथे तिकीट नाही, रांगेतली कुस्ती नाही. टेबलावर बसावे, वाढपी काकड्या आणि कोबीचे सलाड आणून ठेवतो. कोंबडीच्या चरबीत तळलेल्या तिच्याच कातडीचे कुरकुरीत तुकडे, ज्यांना ग्रिबेनेस म्हणतात, हीदेखील या घराची जुनी ओळख आहे. पास्त्रामी इथेही आहे आणि उत्तम आहे. तरीही केवळ पास्त्रामीची शर्यत लावली तर माझे मत कॅट्झच्या बाजूने पडेल, कारण तो जाड, हाताने काढलेला काप इथे नाही. पण डेलीचा स्वयंपाक पास्त्रामीपुरता नसतो. मॅट्झो बॉल सूप घ्यावे: बेखमीर भाकरीच्या भरडीत अंडे आणि चरबी मिसळून केलेला, लिंबाहून मोठा गोळा कोंबडीच्या स्वच्छ, पिवळसर पाण्यात तरंगत असतो, चमचा लावताच तो तुटतो, पण पाण्यात विरघळत नाही आणि आतपर्यंत त्याने सूप शोषून घेतलेले असते. कलेजीचा खिमा, जीभ, माशाच्या खिम्याचे गोळे म्हणजे गेफिल्टे फिश, बकव्हीट आणि नूडल्सचे काशा वार्निश्केस, शनिवारसाठी रात्रभर मंद आचेवर ठेवला जाणारा मांस आणि कडधान्यांचा चोलंट, हे सारे जिथे नेमाने शिजते अशी ठिकाणे मॅनहॅटनमध्ये आता थोडीच आहेत.

नियम येथे जाणवतो तो काय मिळत नाही यावरून. जेवणानंतर कॉफी मागितली तर तिच्यात दूध नसते, दुधासारखे दिसणारे काहीतरी असते. चीजकेक नाही, लॅटकेसवर, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या वड्यांवर, आंबट साय नाही, सफरचंदाचा गर मिळतो. गोड पदार्थ लोण्याऐवजी मार्गारीन किंवा तेलावर केलेले असतात आणि स्पष्टच सांगायचे तर ते कोशर डेलीचे दुबळे अंग आहे; पोट भरले असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. अखेरीस इवल्या पेल्यात चॉकलेट सोडा येतो, दुकानाकडून, आणि तोही बिनदुधाचाच.

खर्चात फारसा फरक नाही. दोन्हीकडे पास्त्रामी सँडविच पंचवीस डॉलरच्या वर जाते, त्यावर शहरात लागणारा ८.८७५ टक्के विक्रीकर, आणि टेबलावर वाढून घेतले तर अठरा ते वीस टक्के टीप. एका सँडविचमध्ये दोन माणसांचे होते. वेळेच्या बाबतीत कॅट्झ सोयीची आहे, कारण शुक्रवार-शनिवारी ती रात्रभर उघडी असते. पण शनिवारी दुपारी तिथे जाणे म्हणजे फुटपाथवर तासभर उभे राहण्याची तयारी. आठवड्यातल्या दिवशी सकाळी दहा-अकराला गेल्यास कापणाऱ्याशी दोन शब्द बोलताही येतात.

गोमांस न खाणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि आपल्याकडून जाणाऱ्यांत ते पुष्कळ असतात. कॅट्झमध्ये त्यांच्यासाठी टर्की आणि सूप आहे, पण तेवढ्यासाठी तिथे जाऊ नये. इतरांचे जेवण पाहण्यातच वेळ जाईल. सेकंड ॲव्हेन्यू डेलीत कोंबडी, मासे आणि सूप यांवर पुरे जेवण होते, शिवाय डुकराची चरबी कुठे लपलेली नाही याची खात्री असते. पूर्ण शाकाहारींनी दोन्हीकडे सावध असावे, कारण बटाट्याच्या कुगेलातही, म्हणजे भाजलेल्या केकसारख्या पदार्थातही, कोंबडीची चरबी असू शकते. त्यांच्यासाठी योग्य जागा तिसरीच: सेकंड ॲव्हेन्यूवर सेंट मार्क्स प्लेसजवळ असलेले बी अँड एच डेअरी हे १९३८ पासूनचे चिंचोळे कोशर दुग्धाहारगृह. मांस तिथे दारातून आतच येत नाही, त्यामुळे साय घातलेला बोर्श्ट म्हणजे बीटचे सूप, चीज भरलेल्या पातळ धिरड्यांचे ब्लिंट्झ आणि घरचा जाड खाला पाव निःशंकपणे घेता येतो. मासे मात्र असतात, तेवढे विचारून घ्यावे.

सोबत एखादा धर्मनिष्ठ ज्यू मित्र असेल, मग तो ठाण्याचा बेने इस्राएल असो वा ब्रुकलिनचा, तर ठिकाण त्यालाच निवडू द्यावे. सेकंड ॲव्हेन्यू डेलीला प्रमाणपत्र असले तरी ती शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशीही, उघडी असते, आणि एवढ्याच कारणावरून कडक पाळणारे अनेक जण तिथले अन्न घेत नाहीत. अशांसाठी विल्यम्सबर्गमध्ये रोब्लिंग स्ट्रीटवर १९६२ पासून चालत आलेले गॉटलिब्झ आहे: ग्लाट कोशर, म्हणजे अधिक कडक निकषांचे कोशर, हंगेरियन वळणाचा स्वयंपाक, सजावट जवळजवळ नाही आणि भोवती हसिदी या कर्मठ ज्यू पंथाची वस्ती. तिथे जाताना कपडे अंगभर असावेत आणि वार पाहून निघावे, कारण शुक्रवारी दुपारनंतर ते बंद होते आणि शनिवारी दिवसभर उघडत नाही. पेसाह या सणाच्या आठवड्यात खमीर घातलेले अन्न वर्ज्य असते, तेव्हा तर अशा ठिकाणी पावाचे सँडविच मिळण्याचा प्रश्नच येत नाही. त्या दिवसांत न्यूयॉर्कला असाल तर आधी फोन करूनच बाहेर पडावे.