बाणावरचा शब्द: आठ महिने संकल्पना नकाशे वापरल्यावर

जूनपासून जानेवारीपर्यंत आठवीच्या विज्ञानाला संकल्पना नकाशे वापरले. पुढच्या वर्षीही वापरणार, पण सगळ्या धड्यांना नाही.

‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा प्रश्न आपल्या मुलांना इतिहासाच्या पेपरातून ओळखीचा असतो. मधे एक शब्द, भोवती रिकाम्या चौकटी. संकल्पना नकाशा त्याहून वेगळा आहे. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७२च्या सुमारास तो विकसित केला. त्यात दोन चौकटींमधल्या बाणावरही शब्द लिहावा लागतो. तिन्ही मिळून पूर्ण वाक्य होतं आणि ते बरोबर की चूक हे तपासता येतं. सगळी किंमत त्या बाणावरच्या शब्दाची आहे.

प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घटक चाचणीत अचूक लिहिणाऱ्या एका मुलीने ‘माती’ आणि ‘झाड’ यांच्यामधे लिहिलं, ‘अन्न देते’. व्याख्या पाठ होती, पण झाड मातीतून जेवतं हा समज तसाच होता. तो मला चाचणीत कधीच दिसला नसता. त्यावर बोललो, तेव्हा तिने मातीच्या बाणावर ‘पाणी आणि क्षार पुरवते’ लिहिलं आणि ग्लुकोजकडून कार्बन डायऑक्साइडकडे ‘-पासून बनतं’ असा नवा बाण काढला. तो दिवस मी विसरणार नाही.

मराठीत एक अडचण येते. आपलं क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाला चिकटलेले. ‘पान – तयार करतं – ग्लुकोज’ हे मुलांना अडखळवतं. म्हणून प्रत्ययही बाणावरच लिहायला सांगितले, ‘-पासून बनतं’, आणि प्रत्येक जोडी मोठ्याने वाक्य करून वाचून घेतली. वाक्य जमलं नाही, तर बहुतेक वेळा समजच कच्ची निघाली.

सुरुवातीला वीस शब्द दिले, तर नुसतं जाळं झालं. दहा-बारा पुरतात. शब्द चिठ्ठ्यांवर लिहून बाकावर सरकवायचे आणि शेवटी चिकटवायचे, म्हणजे खाडाखोड होत नाही. एक तासिका कमीच पडते, तपासायला तर त्याहून वेळ लागतो. गतीच्या गणितांना याचा काही उपयोग झाला नाही.

दिवाळीनंतर एक बदल केला. कार्पिके आणि ब्लंट या संशोधकांच्या २०११च्या प्रयोगात, मजकूर समोर ठेवून नकाशा काढणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवलं होतं. आमची मुलंही पुस्तक उघडं ठेवून वाक्यं उतरवत होती. आता पुस्तक दप्तरात ठेवून आधी नकाशा, मग वेगळ्या रंगाच्या पेनने दुरुस्ती. पहिले नकाशे बरेच रिकामे आले. कुठला भाग पुन्हा शिकवायचा, हे मी आता त्या रिकाम्या जागा बघून ठरवतो.