एमटी-15 की एनएस200? सिडको ते वाळूज जाणाऱ्यासाठी

"मामा, वाळूजला नोकरी लागली. गाडी कोणती घेऊ?" भाच्याचा फोन आला तेव्हा त्याच्या डोक्यात दोनच नावं होती. यामाहा एमटी-15 नाहीतर बजाज पल्सर एनएस200. तिसरं नाव मी घेतलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. संभाजीनगरात हा वाद नवा नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 पासूनचा, त्यामुळे गल्लीत एकतरी माणूस पल्सरची बाजू घेऊन भांडणारा सापडतोच.

कागदावर एनएस पुढे आहे. तिचे 199.5 सीसी आणि ताकद 24.5 पीएस, तर एमटीचे 155 सीसी आणि 18.4 पीएस. पण एनएसचं वजन 158 किलो आणि एमटीचं 141. हे 17 किलो कुठं कळतात? नगर नाक्याला. सकाळच्या शिफ्टच्या वेळी कंपन्यांच्या बसा, कंटेनर आणि रिक्षा एकदमच तिथं येतात आणि पाय टेकत टेकत गाडी काढावी लागते. तिथं एमटी पोराटोरांसारखी फटीतून निसटते. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की दोन्हींच्या रेडिएटरचे पंखे सिग्नलला सुरू होतात, पण पाय जास्त भाजते ती एनएसच.

मात्र एमटीचा खरा जीव 7,400 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढं आहे. तिथं व्हीव्हीए, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, चालू होतं आणि मग ती पळते. शहरात तिथवर जायची वेळ क्वचितच येते. एनएसचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, 18.74 एनएम, एमटीचा 14.1. मागे कुणी बसलं की हा फरक लगेच जाणवतो. शिवाय एमटीची मागची सीट म्हणजे नावालाच सीट.

रोजचे जाऊन-येऊन 36 किलोमीटर आणि महिन्याचे 26 दिवस धरा. एनएसचं अ‍ॅव्हरेज 35 आणि एमटीचं 47 मानलं तर एनएस महिन्याला जवळपास सात लिटर जास्त पिते. एमटी घेतली तर विमा स्वस्त पडेल असं भाच्याला वाटत होतं. तसं नाही. थर्ड पार्टी विम्यात 150 ते 350 सीसी हा एकच गट आहे, दोन्ही त्यातच बसतात.

खरं भांडण झालं ते मॉडिफिकेशनवरून. त्याला गाडी आल्या आल्या सायलेन्सर बदलायचाय. म्हटलं, लेका, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आवाजाचा नियम मोडला तर दंड 10,000 पर्यंत जातो आणि लायसन्सही तीन महिने अडकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतंच कोलीत.

दुसरी हौस मागचा मडगार्ड काढून टेल टायडी, म्हणजे नंबर प्लेटपुरता छोटा ब्रॅकेट, लावायची. हा उद्योग मी स्वतः केलाय. पहिल्याच पावसात शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत काळ्या मातीची रेघ उमटली आणि ऑफिसात दिवसभर भिंतीला टेकून बसलो. साडी गार्डला तर हात लावायचाच नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून नियमानंच चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला लागतो. रॅप (गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म) लावून रंगच बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी.

हौसच करायची तर छोटा व्हायझर, सीटला चांगला फोम आणि मोबाइल होल्डर एवढं पुरे. एमटीला मागे 140 चा रेडियल टायर कंपनीकडूनच येतो, तिथं खर्च नाही. एनएसचे पार्ट मात्र स्वस्त, आणि पैठण-गंगापूरलाही ती उघडून बसणारा मिस्त्री भेटतो. वाळूजच्या धुळीत चेन मात्र दोन्हींची दर पाचशे किलोमीटरला साफ करून ल्युब मारावी लागेल. त्याला कंटाळा नको.

एकट्यानं रोज वाळूज असेल तर मी एमटी घेईन. पण हा दर शनिवारी ताईला मागे बसवून जालन्याला जायचं म्हणतोय, त्यासाठी एनएसच. दोन्हींची टेस्ट राइड ताईला मागे बसवूनच घे, असं सांगितलंय. अजून फोन आलेला नाही.