आठ महिने वापरलेलं 'आर्ट ऑफ वॉर' : दुसऱ्या प्रकरणासाठी घ्या

परवा पुस्तकाची बांधणी सुटली आणि दुसरं प्रकरण अख्खं हातात आलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणे बदलून द्यायची मुदत दहाच दिवसांची होती. २४० रुपये मोजून आठ महिन्यांत पानं गळणार असतील तर ते मला मान्य नाही. बांधणीला शून्य.

युद्धनीतीवरचं जुनं चिनी पुस्तक, लेखक सुन त्झू; तो कोण, तेरा प्रकरणं कुठली, ते सांगत बसत नाही. माझं कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. समोर दुसरं दुकान उघडलं आणि त्याने दोन रुपयांची कॉपी सव्वा रुपयाला लावली. त्याला हरवायचं म्हणून मी हे पुस्तक आणलं. पहिल्या प्रकरणातलं 'युद्ध म्हणजे फसवणूक' तेवढं डोक्यात बसलं आणि मी एक रुपयाचा बोर्ड लावला. रांग लागली. तेव्हा विचारलं असतंत तर पाचपैकी पाच दिले असते.

दोन महिन्यांनी वही काढली. पाचशे कागदांचा रिम २७० चा, म्हणजे एका कॉपीला कागदाचेच ५४ पैसे. टोनर १५. ड्रम (मशिनमधला झिजणारा भाग), वीज आणि मशिनची देखभाल धरून २१. झाले ९० पैसे, अजून भाडं धरलंच नाही. फुकट गेलेली पानं वेगळीच.

मग दुसरं प्रकरण वाचलं, जे मी रुक्ष म्हणून सोडलं होतं. एक लाखाची फौज हजार ली (अंतराचं चिनी माप) दूर न्यायची तर रोज हजार सुवर्णमुद्रा लागतात, असं तो लिहितो. त्यात रथ, चिलखतं, पाहुण्यांची सरबराई, अगदी डिंक आणि रोगणाची लाखसुद्धा धरतो. डिंक आणि लाख! ही ओळ मी पन्नासदा तरी वाचली असेल. अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस डिंक मोजतो आणि मी बोर्ड लावताना ड्रमचे पैसे धरले नव्हते. लांबलेल्या युद्धाने कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही, हेही तिथेच आहे. खुद्द चीनमध्ये उबरचं तेच झालं. वर्षाला १ अब्ज डॉलरहून जास्त तोटा होतोय, असं तिच्या प्रमुखानेच सांगितलं होतं. शेवटी ऑगस्ट २०१६ मध्ये तिथला धंदा दीदी या चिनी टॅक्सी-ॲप कंपनीला देऊन, बदल्यात हिस्सा घेऊन ती बाहेर पडली.

मी बोर्ड उतरवला. सहाव्या प्रकरणात म्हटलंय, पाणी उंचवटा सोडून सखलाकडे जातं, तसं सैन्याने शत्रूचा जोर असलेली जागा टाळून त्याच्या कच्च्या जागी जावं. समोरचा आठला शटर ओढतो. सबमिशनच्या आठवड्यात मी अकरापर्यंत थांबतो, बाइंडिंगसकट. कॉपी पुन्हा दोन रुपये. गर्दी कमी झाली, गल्ला वाढला.

एक उणीव मात्र खरी आहे. या पुस्तकात राजा आहे, सेनापती आहे, शत्रू आहे, गिऱ्हाईक नाही. प्रोजेक्ट घेऊन घामाघूम धावत आलेल्या पोराशी कसं बोलायचं, ते सुन त्झू सांगत नाही. म्हणून पाचपैकी साडेतीन.

पुस्तक काल दुकानातल्याच मशिनवर स्पायरल करून घेतलं. दुसरं प्रकरण सगळ्यात वर लावलंय.