साहेबाला नाव न सांगता शिव्या घालायला ब्लॉगर कसं आहे? एका कोल्हापूरकराचा रिव्ह्यू

कंपनीतलं काय काय साठलंय पण कट्ट्यावर बोलायची सोय नाही अशा लोकांसाठी लिहितोय. कोल्हापुरात कट्ट्यावर रात्री बोललेलं सकाळी टाइम ऑफिसला पोचलेलं असतं, कारण साहेबाचा साडू तुमच्याच गल्लीत राहतो आणि एचआरवाल्या मॅडम तुमच्या वहिनीच्या भिशीत असतात. व्हॉट्सॲप स्टेटसचा तर विषयच सोडा, तिथं नंबरच दिसतो. म्हणून मी ब्लॉगर वापरतो, ते गुगलचं, ज्याच्या पत्त्यात ब्लॉगस्पॉट येतं ते. हे अजून चालू हाय व्हय असं दोघांनी विचारलं मला. आहे की. १९९९ ला सुरू झालं, २००३ ला गुगलनं विकत घेतलं, आणि आजही फुकट आहे, जाहिराती आपण लावल्याशिवाय लागत नाहीत.

सेटिंगचं आधी सांगतो म्हणजे ते संपलं. रोजच्या जीमेलवरून ब्लॉग काढू नका, वेगळा काढा, प्रोफाइलला टोपणनाव ठेवा, पोस्टखाली तेच दिसतं. कॉमेंट मॉडरेशन, म्हणजे आपण पास केल्यावरच कॉमेंट दिसायची सोय, कायम चालू ठेवा, नाहीतर कुणीतरी उत्साहानं खाली तुमच्या साहेबाचं नाव लिहून जाईल आणि ते तासभर तसंच राहील. सर्चमध्ये दिसू द्यायचं का नाही तेही ठरवता येतं, फक्त निवडक लोकांनाच वाचायला द्यायची सोय पण आहे. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट शेड्यूल, म्हणजे सुट्टीदिवशी निवांत लिहायचं आणि पोस्ट पडायची वेळ अशी लावायची की त्यावेळी आपण चारचौघांच्या डोळ्यासमोर शॉपवर, म्हणजे कारखान्यात कामावर, उभे असू. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचं वायफाय मात्र वर्ज्य, काय लिहिलं ते नाही कळलं तरी कुठल्या साइटवर गेला ते आयटीवाल्याला कळतं.

आता खरं दुखणं. नाव लपवायचं काम ब्लॉगर चोख करतं, पण आपण स्वतःच वाक्यावाक्यातून नाव सांगत असतो त्याला ते तरी काय करणार. मी फौंड्री लाईनमधला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातला आहे एवढं सांगतो, कुठलं डिपार्टमेंट ते नाही सांगणार. आता मी नुसतं लिहिलं की सोमवारी आठवड्याची सुट्टी असून बोलवलं, की इथल्या वाचणाऱ्याला कळलं हा पुण्याचा नाही, आपल्यातलाच आहे. पुढं लिहिलं महापुरात पुलाजवळ हायवे पाण्याखाली होता, आम्ही येणार कुठून, तरी रजा कापली, की शिरोली एमआयडीसी बाजूचा असणार हा अंदाज आला. मग रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, वाढलं की दोष कायम फेटलिंगवाल्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या पोरांचा आणि साच्याच्या वाळूचा ओलावा तपासायचं यंत्र मात्र बंद पडलेलं, हे लिहिलं की त्या कंपनीतल्या माणसाला नावाची गरजच राहत नाही. आणि त्यावर साहेबाचं पेटंट वाक्य टाकलं तर संपलंच. आमच्या साहेबाचं असं एक वाक्य आहे, मिटिंगमध्ये पगारवाढीचा विषय निघाला की ते हमखास येतं, ते मी आजवर लिहिलेलं नाही, हाताला खाज सुटते पण नाही लिहीत. फुटबॉलवर तर चुकूनही लिहू नका, तुमची टीम पाटाकडील का शिवाजी हे कळलं की तुमची पेठ कळली.

म्हणजे गंमत अशी की जी पोस्ट लोकांना सगळ्यात जास्त पटते तीच आपल्याला पकडून देणारी असते. बारीक तपशील काढून टाकला तर उरतं काय, साहेब वाईट, पगार कमी, हे कोण वाचणार. माझा उपाय असा की घडल्यावर लगेच टाकायचं नाही, दोनचार महिने जाऊ द्यायचे, दोन साहेबांचा एक साहेब करायचा, दिवसपाळीचं रात्रपाळीत न्यायचं. राग जसाच्या तसा राहतो, माणूस ओळखू येत नाही. फोटो तर अजिबात नाही, फोटोच्या फाइलमध्ये तारीख असते, लोकेशन चालू असेल तर जागा पण असते, आणि ते सगळं पुसलं तरी मागचा क्रेन बघून पोरं शॉप ओळखतात.

आणि गुगलपासून आपण लपलोय असं समजू नका. जीमेल काढताना बऱ्याचदा मोबाईल नंबर द्यावाच लागतो. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे सरकारी तपास यंत्रणेनं कायदेशीर लेखी आदेश दिला तर अशा कंपन्यांना ७२ तासांत माहिती द्यावी लागते. खोटंनाटं लिहून कुणाची बदनामी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. त्यामुळं साहेब कंजूस आहे म्हणा, साहेब पैसे खातो म्हणायचं असेल तर कागद हातात पाहिजे.

इंग्लंडमध्ये नाइटजॅक म्हणून एका पोलिसाचा निनावी ब्लॉग होता, ड्युटीवर काय काय भोगावं लागतं ते लिहायचा, २००९ ला ऑर्वेल प्राइझ हा लेखनाचा पुरस्कार मिळाला त्याला. त्याच वर्षी लंडनचा टाइम्स पेपर त्याचं नाव छापायला निघाला. तो ते थांबवायला कोर्टात गेला, कोर्ट म्हणालं ब्लॉग लिहिणं ही मुळात चारचौघातली गोष्ट आहे, नाव लपवून मिळणार नाही, आणि पेपरनं नाव छापलं. नंतर उघड झालं की पेपरच्या बातमीदारानं त्याच्या ईमेलमध्येच शिरकाव केला होता. म्हणून ब्लॉगच्या जीमेलला टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक खात्री, लावा, आणि पासवर्ड पहिल्या शाळेचं नाव वगैरे असलं काही ठेवू नका, कोल्हापुरात तुमची शाळा कुणाला माहीत नाही?

ब्लॉगर कुणी वापरू नये तेही सांगतो. पीएफ कापतात पण भरत नाहीत असं असेल तर ब्लॉगवर रडून काही होत नाही, ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या सरकारी ऑफिसच्या, पासबुकात बघा आणि तिथंच तक्रार टाका. मशीनला गार्ड नाही, कुणाचा हात जायची वेळ आलीय, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. ब्लॉग फक्त डोकं हलकं करायला, आणि तेवढ्यासाठी लई भारी आहे. माझ्या एका पोस्टखाली कुणीतरी लिहिलं, "भावा, आमच्यात पण सेम." तो शिरोलीचा का गोकुळ शिरगावचा ते मी विचारलं नाही, त्यानंही मला विचारलं नाही.

पाचपैकी चार स्टार. टेम्प्लेट सगळे जुनाट दिसतात त्याचा एक कापलाय. मोबाईलवर मराठी कीबोर्ड असला की बास, बाकी काही लागत नाही.