एसहाची की योताहाची? शेजारच्या सीटवरून

जुन्या गाड्यांच्या रॅलीत कुणी जपानी गृहस्थ आपल्याला नॅव्हिगेटर म्हणून शेजारी बसवतो, हेच मुळात भाग्य. त्यात दोन गाड्यांतून निवडायची वेळ आली तर माणूस गडबडतो. माझ्या वाट्याला लागोपाठच्या दोन नोव्हेंबरांत दोन्ही आल्या. आधी होंडा एस८००, मग टोयोटा स्पोर्ट्स ८००. जपानी लोक लाडाने त्यांना एसहाची आणि योताहाची म्हणतात. हाची म्हणजे आठ. हा आठ लक्षात ठेवा, पुढे तो नडणार आहे.

रस्ता दोन्ही वर्षी एकच. आइची प्रांतातल्या असुकेहून १५३ नंबरचा महामार्ग धरायचा, इनाबू, नेबा, हिराया करत जिबुझाकाची खिंड चढायची आणि पलीकडे हिरुगामीच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी उतरायचं. शर्यत नाहीच. रस्त्यावर टाकलेल्या रबरी नळीवरून चाक ठरल्या सेकंदाला गेलं पाहिजे, एवढाच खेळ.

असुकेत त्या दिवसांत मेपलची पानं पेटलेली असतात आणि ती बघायला अख्खं नागोया लोटतं. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. एसहाचीचे मालक तिथे पानांकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघत होते. योताहाचीचं इंजिन हवेवर थंड होणारं. पाणीच नाही तर उकळणार काय? त्या वर्षी आम्ही पानं बघितली.

घाट लागला की मात्र पारडं फिरतं. एसहाचीचं इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत हसतखेळत जातं. चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर, आणि जिबुझाकाच्या चढावर ते असा काही सूर लावतं की अंगावर काटा येतो. योताहाचीकडे दोनच सिलिंडर आणि ४५ अश्वशक्ती. त्याच चढावर मुळ्यांनी भरलेला एक छोटा ट्रक आमच्या मागे लागला आणि मालकांनी शांतपणे कडेला घेऊन त्याला पुढे जाऊ दिलं. असल्या गोष्टी मनाला लागत असतील तर इथेच वाचणं थांबवा आणि एसहाचीत बसा.

एसहाचीत माझं घोडं अडलं ते आकड्यांवर. कोमाझु, म्हणजे चौकटीचौकटीत वळणं काढलेला कागद, मोठ्याने वाचून दाखवणं हे आपलं काम. पुण्यात जपानी शिकताना एक इची, सात शिची, आठ हाची असं घोकलेलं. छप्पर उघडं, इंजिन रंगात आलेलं, अशा वेळी या तिन्हींतलं फक्त 'ची' मालकांच्या कानापर्यंत पोचत होतं. नेबाच्या पुढे मी ओरडलो, 'शून्य पूर्णांक हाची, डावीकडे!' त्यांनी ऐकलं इची. आठशे मीटरऐवजी शंभर मीटरवर वळून आम्ही थेट एका आजीबाईंच्या अंगणात, वाळत घातलेल्या पर्सिमनच्या फळांच्या माळांखाली. आजीबाईंनी वाकून नमस्कार केला, आम्हीही केला. तोवर पुढच्या नळीचा सेकंद निघून गेला होता.

यात गाडीचा काही दोष नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. जपानी माणूस गोंगाटात सातला 'नाना' म्हणतो, तो याचसाठी. आठाला तशी पळवाट नाही. पण दिवसभर ओरडून संध्याकाळी कुंडात उतरलो तेव्हा माझा आवाज पार बसला होता, आणि मालकांशी दिवसभरात एक वाक्य धड बोललो नव्हतो.

योताहाची फटफट आवाज करत चालते, पण तिच्यात बोलता येतं. १९६६ साली सुझुकाच्या ५०० किलोमीटर शर्यतीत ही गाडी एकदाही पेट्रोल न भरता शेवटपर्यंत गेली, हे मी तिच्यात बसूनच ऐकलं. इनाबूला गोहेई मोची, म्हणजे काडीवर भाजलेली भाताची वडी घेतली, तीही बोलत बोलत खाल्ली. गैरसोय आहेच. छपराचा पत्रा काढून डिकीत ठेवला की पिशव्या आपल्या मांडीवर येतात. थंडीत हीटरवर फार विसंबू नये. तरी त्या दिवशी एकही वळण चुकलं नाही. आता यात मालकांच्या कानांचा वाटा किती आणि गाडीचा किती, ते मी कसं सांगू?

यंदा दोघांनीही विचारलंय. योताहाचीला होकार कळवला. एसहाचीच्या मालकांना म्हटलं, फक्त जिबुझाकाच्या चढापुरता तुमच्याकडे येऊ का? नियमात बसत नाही म्हणाले.